प्रवाळाची कलमे

उत्तर कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पक्षी, रोपे आणि रंगीत माशांचा बाजार भरतो. घरातली काचेची टाकी सजवण्याची हौस असलेले तेथे आवर्जून जातात. खाऱ्या पाण्यातले मासे पाळू लागलेल्यांना पुढे प्रवाळाचेही वेध लागतात.

परदेशातील हौशी मंडळी प्रवाळाची चक्क कलमे करतात. जिवंत प्रवाळाचा लहानसा तुकडा दगडावर चिकटवला, की तो वाढू लागतो. या तुकड्यांची उथळ टाकी नळ्यांनी मोठ्या टाकीला जोडतात. पाणी एकच फिरत असल्याने क्षार आणि तापमान दोन्हीकडे सारखे राहते. वीज गेली, की वरचे पाणी खालच्या साठवण टाकीत उतरते. म्हणून तिच्यात तेवढी जागा रिकामी ठेवावी लागते.

आपल्याकडे मात्र ही हौस महागात पडेल. समुद्रात भित्ती उभारणारी प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहेत.

कलमांची ही विद्या आपल्याकडे समुद्राच्याच कामी आली आहे. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने जानेवारी २०२० मध्ये गुजरातेत मिठापूरजवळ समुद्रतळाशी पोलादी सांगाडा उतरवला. त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडला, की पाण्यातले चुनखडीचे क्षार त्यावर साचतात आणि बांधलेल्या तुकड्यांना आधार मिळतो.

तेव्हा कोणी जिवंत प्रवाळ विकायला पुढे केले, तर हात आखडता घ्यावा. घरच्या टाकीला मासे आणि साधे दगडही शोभा आणतात.