एकादशी अन् दुप्पट खाशी

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात कांदेकाढणीच्या वेळी आमच्या घरी एक प्रसंग घडला. धाकट्या भाऊजींचे पोट सुटले होते. कुणीतरी सांगितले, "सकाळचे खाणे बंद करा, चरबी उतरते." भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी न्याहारी सोडली. मधुमेहाची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली आणि उपाशीपोटी शेतात गेले. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले. जाऊबाईंनी लगेच साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले.

तेव्हा उपवास वाईट का? तसे नाही. पण कोणत्या दिवशी, कोणी आणि कसा करायचा, हे समजले पाहिजे.

भाकरी, भात, साबुदाणा यांच्यातील पिठाची पोटात साखर होते. अंगमेहनत केली की ती खर्ची पडते. उरलेली थोडी यकृतात आणि स्नायूंत साठते, बाकीची चरबी होऊन पोटावर बसते. पूर्वी मोट हाकणारा गडी चार भाकरी सहज जिरवी. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटर घरबसल्या चालू होते. भाकरी मात्र तेवढीच राहिली!

म्हणून कामाप्रमाणे भाकरी ठेवावी. खुरपणी, काढणी, ऊसतोडीच्या दिवशी पोटभर न्याहारी आणि पुरेशी भाकरी हवीच. त्या दिवशी उपाशी राहू नये. बाजाराचा किंवा घरी बसण्याचा दिवस असेल तेव्हा भाकरी निम्मी करावी आणि मटकीची उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडी वाढवावीत. आठवड्यातून असे दोन दिवस पुरेत. विलायतेत मँचेस्टरच्या संशोधकांनी ११५ स्थूल स्त्रियांवर तीन महिने प्रयोग केला होता. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनच दिवस पिष्टमय अन्न आणि एकूण आहार कमी करणाऱ्यांची चरबी, रोज थोडे कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली.

त्याला रात्रीच्या उपवासाची जोड द्यावी. संध्याकाळी सातला जेवण आटोपले आणि सकाळी नऊला न्याहारी केली, की चौदा तासांचा उपवास आपोआप घडतो. मधल्या वेळात फक्त पाणी. पहाटेचा गोड चहा घेतला की उपवास मोडलाच. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर सुमारे २०० उष्मांक नुसत्या साखरेचे होतात.

आता आपली एकादशी पाहा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही जवळजवळ तेवढेच. पण ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, साबुदाण्यात नावालाच. वर दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा! देवासाठी उपवास जरूर करावा. पण वजनासाठी करायचा तर खिचडीची ताटली लहान करून ताक, दही, फळ घ्यावे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या मुलांनी आणि अशक्त माणसांनी हा प्रयोग करू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जेवणाची वेळ बदलली की औषधाची वेळ आणि मात्राही बदलावी लागते.

घरात वजनकाटा नसला तरी अडत नाही. बेंबीजवळ सुतळी धरून पोटाचा घेर घ्या, गाठ मारा आणि महिन्याने पुन्हा मोजा. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० च्या आत असावा.

भाऊजी आता डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. न्याहारी करूनच शेतात जातात, रात्री लवकर जेवतात. सुतळीची गाठ तीन बोटे आत सरकली आहे.