जुनी गाडी आणि 'चालायचंच'

परवा आतेभावाचा सांगलीहून फोन. एक येझदी बघितलीय, टाकी आरशासारखी, क्रोम चकाचक, मालक सज्जन, रविवारी टोकन देणार. मी एकच विचारलं, "इंजिन थंड असताना किक मारून बघितलीस का?"

"नाही रे, मी पोचलो तेव्हा चालूच होती. थोडा धूर मारते, पण जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच."

झालं! हा 'चालायचंच' कानावर पडला की माझं डोकं फिरतं. तर मंडळी, आजचं हे लिखाण त्या एका शब्दाविरुद्ध.

जुन्या गाड्यांच्या वेडाला मी नावं ठेवत नाही, मीही त्यातलाच. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. तिथली गाडी आजही एका किकमध्ये उठते तेव्हा अंगावर काटा येतो. पण गाडीचं वय म्हणजे बिघाडाला माफी नव्हे. बुलेटवाले म्हणतात, तेल गळत नसेल तर समजा तेल संपलंय. विनोद छान आहे, पण विनोद सांगून गॅस्केट बसत नाही.

धुराचंच बघा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्यामुळे सुरुवातीला थोडा धूर येणारच. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं क्लचच्या बाजूचं सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल पितंय. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर ते जास्त वाईट, कारण धूरसुद्धा दिसत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा आवाज पटकन खाली येत नाही. पिस्टन तापत जातो आणि एक दिवस सिलिंडरमध्ये धरतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. घरातल्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. 2006 साली खंबाटकी घाटात माझी गाडी अशीच धरली. कंपनीचं नाव घेत नाही, दोष कंपनीचा नव्हताच. मागचं चाक जागच्या जागी लॉक. क्लच दाबेपर्यंत आम्ही दोघं रस्त्यावर. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. बायकोचं मनगट मोडलं, थंडीत अजून दुखतं. आणि खरं सांगू? आवाज खाली न येण्याची ती खोड मी गाडी घेतानाच ऐकली होती. तेव्हा मीच म्हणालो होतो, "जुनी आहे, चालायचंच." मी क्रोम बघत होतो.

म्हणून सांगतो, आधी इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. तापलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. मग किक मारा. प्लग काढून बघा. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर सावध व्हा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि फोर्क मागेपुढे हलवा. खटखट लागली तर कोनसेट गेला. मागचं चाक आडवं हलवा, स्विंगआर्मचे बुश कळतील. टाकीत टॉर्च मारा, वरून आरसा असते आणि आत गंज. स्क्रूंची डोकी बघा. खाल्लेली असतील तर इंजिन कुणीतरी छिन्नी-हातोड्याने उघडलंय. इंजिन-चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा, तिथे तर 'चालायचंच' अजिबात नको.

यावर हमखास उत्तर येतं : "असं खोदत बसलास तर गाडी हातची जाईल, आणि मजाही." जाऊ दे की! बिघडलेली गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. जरूर घ्या, पण बिघाड ओळखून, त्याचा खर्च किमतीतून वजा करून. सील स्वस्त असतं, पण तिथवर पोचायला इंजिन उघडावं लागतं. आणि प्रेमाचं म्हणाल, तर नुसतं टाकीवर हात फिरवणं म्हणजे प्रेम नव्हे. म्हाताऱ्या माणसाला धाप लागली तर 'वयच झालंय' म्हणून आपण गप्प बसतो का? डॉक्टरकडे नेतोच ना?

असो. आतेभाऊ रविवारी सकाळी सातला परत जाणार आहे. मालकाला सांगून ठेवलंय, आम्ही येईपर्यंत किक मारू नका. हो, 'आम्ही'. मीही जातोय. बायकोने स्वतःहून सांगितलं, जा म्हणून.