व्यवसाय : गृहिणी

जुळे सोलापुरात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, चौदा वर्षं झाली. दर वर्षी बीपीटी झालेली पोरं-पोरी भेटायला येतात आणि विचारतात, "मॅडम, सोलापुरात स्कोप आहे का, की पुण्याला जाऊ?" दर वेळी तुकड्यातुकड्यानं सांगते, आज एकदाच सगळं लिहिते. पोस्ट लांब झालीय, सांभाळून घ्या.

आधी माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. तिशीच्या आतल्या, एसटीनं लांबून आलेल्या. फॉर्मवर व्यवसायापुढे लिहिलेलं, गृहिणी. टाच आणि नडगी दुखत होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. फरशीवर किती वेळ उभ्या असता, चप्पल कसली घालता, वजन वाढलंय का? व्यायाम दाखवले आणि म्हटलं, "तीन आठवडे पायावर ताण नको, आराम करा." त्या नुसत्या हसल्या.

पंधरा दिवसांनी परत आल्या तेव्हा दुखणं वाढलं होतं. त्या दिवशी माझं लक्ष घोट्याच्या वर गेलं. दोन्ही पायांना काळे पडलेले घट्टे. असे घट्टे घरकामानं पडत नाहीत. मी खोदून विचारलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कला केंद्रावर नाचते मॅडम. आधी सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला असता का?"

मला काय बोलावं कळेना. हात लावला असता, नक्की लावला असता. पण त्यांना तसं वाटण्यासारखं याआधी कुठंतरी घडलं असणार, त्याशिवाय कोण फॉर्मवर खोटं लिहील?

उपचार त्या दिवसापासून बदलले. कडक जमिनीवर अनवाणी पाय रोज शेकडो वेळा आपटला, त्यावर घोट्याला घुंगरांचं वजन, की नडगीच्या हाडावर ताण साठत जातो. तसंच रेटलं तर हाडाला बारीक चीर पडू शकते. म्हणून आधी एक्स-रे काढून घेतला, चीर नव्हती. मग ठरवलं : सराव घुंगरांशिवाय, खाली जाड सतरंजी घालून. पोटऱ्या आणि मांडीची ताकद वाढवायचे व्यायाम. लागोपाठ दोन लावण्यांऐवजी मध्ये एक दुसरीला. नाच बंद केला नाही, कारण तीन आठवडे बसल्या असत्या तर पार्टीत त्यांची जागा दुसरीला गेली असती. दोन महिन्यांनी त्या बऱ्या झाल्या.

पुढे लक्षात आलं की माझ्या फायलींमध्ये अशा 'गृहिणी' खूप आहेत. पूर्व भागातल्या, कुंभारीकडच्या बायका मान आणि अंगठा धरून येतात. "मान दुखूलालीय मॅडम." व्यवसाय, गृहिणी. कारण काम घरात बसून, म्हणजे ते घरकामच! प्रत्यक्षात मांडीवर सूप, मान खाली, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार बिड्या झाल्या की हजाराची मजुरी. त्यांनाही आपण सगळे सांगतो, आराम करा. कोणाच्या जिवावर?

नाचणारीचा घोटा आणि बिडी वळणारीचा अंगठा, दोघींचं दुखणं एकाच जातीचं आहे. शरीर हेच हत्यार, आणि हत्यार खाली ठेवलं की चूल बंद. अशा माणसाला काम न सोडता बरं करणं हे आमच्या धंद्यातलं वेगळं, अवघड कौशल्य आहे. त्याला समाजसेवा म्हणून बाजूला काढू नका. ती स्पेशालिटी आहे.

आणि हे मी एकटी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये कलाकारांच्या दुखण्यांसाठी १९८४ पासून संस्था आहे. न्यूयॉर्कला खास नर्तकांच्या दुखापतींसाठी हार्कनेस सेंटर १९८९ मध्ये सुरू झालं. ज्यांच्याकडे पैसे किंवा विमा नाही अशा नर्तकांचाही तिथं विचार केलेला आहे. आपण मात्र विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट पिढ्यान् पिढ्या कौतुकानं सांगतो. खेळ चालू असताना कळा आल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. मला ती गोष्ट ऐकताना हल्ली वेगळाच प्रश्न पडतो. त्या रात्री त्यांना "बाई, आज थांबा" म्हणणारं कोणी नव्हतं का? आज त्यांच्या नावानं राज्य सरकार पुरस्कार देतं, चांगलं आहे. पण पुरस्कार उतारवयात मिळतो. गुडघे त्याच्या कितीतरी आधी जातात.

आता सोलापूर बघा. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. बाराबंदी घातलेला माणूस तो उंच काठीचा भार कमरेवर आणि हातांवर तोलून चालतो. यात्रेआधी सराव चालतो. गणपतीत आणि जयंत्यांना लेझीम आणि ढोल. मोडनिंबची कला केंद्रं. हुतात्मा स्मृतिमंदिरात तालमी करून राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी पोरं. आषाढीला पंढरपूरला चालत जाणारी माणसं. या सगळ्यांची कंबर, खांदे, पाय कोण बघतं? दुखलं की हाडवैद्य, नाहीतर कंपाउंडरकडून दुखणं थांबवायचं इंजेक्शन आणि परत मैदानात.

आणि आपण फिजिओथेरपिस्ट कुठं आहोत? आसरा चौक ते सैफुल एक चक्कर मारा. पाट्या मोजा. मीही त्यातलीच. सगळ्यांचे पेशंट तेच, गुडघेदुखी, फ्रोझन शोल्डर, लॅपटॉपवाली मान. एका गल्लीत पाच दुकानं टाकायची आणि मग म्हणायचं, सोलापुरात स्कोप नाही!

"मॅडम, पण पैसे?" हा प्रश्न रास्त आहे. चार-साडेचार वर्षं शिकून, फी भरून कोणी उपाशी राहावं असं मी म्हणणार नाही. माझं गणित सांगते. आठवड्याचे पाच दिवस जुळे सोलापूरचं क्लिनिक, नेहमीची फी. त्यावर घर चालतं. दोन दुपारी बाहेर, वस्तीत. तिथं एका सिटिंगला माझी नेहमीची फी लावली तर ती जवळपास बाईची दिवसाची मजुरी होते. म्हणून तिथं गट करते, दहा बायका एकत्र, प्रत्येकी थोडे पैसे. फुकट करत नाही. फुकट दिलेला व्यायाम कोणी करत नाही, हा अनुभव आहे. मंडळं आणि पथकं मात्र पैसे देऊ शकतात. डीजेवर लाख उडवणाऱ्या मंडळाला तीस वादकांची तपासणी जड नाही. एकानं दिली की दुसरं मंडळ विचारत येतं. नाव असंच होतं. श्रीमंत झाले नाही, पण पेशंट शोधत बसायची वेळही आली नाही.

दुसरी अट भाषेची. पुण्याहून आलेल्याला हे जमणार नाही, ही आपली जमेची बाजू. पूर्व भागात आजी 'नोप्पी' म्हणते, अक्कलकोटकडची 'नोवु' म्हणते, तिसरी 'दुखता' म्हणते. तिन्ही ऐकल्या की मान हलवता आली पाहिजे. तिसरी अट, मुलींनी या कामात जास्त यायला हवं. पाठ दाखवायची तर बाईला बाईच लागते, हे वास्तव आहे.

सगळं आमच्यावर ढकलू नका, हेही सांगते. १९ जानेवारी २०२४ ला रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली, पंतप्रधान आले होते. त्याआधी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. कामगारांनी लढून मिळवलेली घरं आहेत, अभिमान आहे. पण छप्पर मिळालं म्हणून मान सरळ झाली नाही. महात्मा फुले योजना मुळात दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांची. रोजच्या मानदुखीला त्यात जागा नाही. बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा उपकर जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये गेला. म्हणून महापालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागणी साधी आहे : कामगार वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. कॉलेजांनीही इंटर्नशिपच्या सहा महिन्यांतला एक महिना कुंभारीत आणि एक यात्रेच्या सरावात द्यावा. पोरं तिथं जे शिकतील ते कुठल्याच मशीनवर शिकता येत नाही.

आणि माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो, आपल्यासाठी एक काम, आजपासून. फॉर्मवरचा 'व्यवसाय' हा रकाना खोडा. त्या जागी लिहा : दिवसभर तुमचं शरीर काय काम करतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी खोडलाय.

डॉक्टर कोटणीस १९३८ मध्ये सोलापूरच्या मातीतून उठून चीनला गेले. आपल्याला सिटी बसनं कुंभारीपर्यंत जायचंय.

कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पहिल्या दुपारी मी बरोबर येईन.