मसाल्याबरोबर कागदही बांधा



आमची अलोऱ्याची वसाहत कोयना प्रकल्पासाठी उभी राहिली. घाटावरून बदली होऊन आलेल्या बाईला इथला पाऊसही परका. पावसाळ्याची बेगमी कधी करायची, कपडे कसे वाळवायचे, चिपळूणची एसटी किती वाजता, हे तिला शेजारणीनेच सांगितले. बदलीच्या हुकुमात यातले काही नव्हते.

आज इथल्या मुली दुबईला, अमेरिकेला जातात. निघताना आपण घरचा मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले बांधून देतो. मीही दिली आहेत. अशाच एकीचा अपरात्री फोन आला. नवऱ्याने मारले होते. "राहतेस कुठे?" विचारले, तर घराचा पत्ता सांगता येईना. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, बँकेचे खाते त्याचे, फोनही त्याच्याच नावावर. शेवटी शेजारच्या बाईकडून पत्ता कळला आणि मदत पोचली. मुलगी सुखरूप आहे. पण मसाला आठवणीने देणाऱ्या मला हे सांगायचे सुचले नाही, ही बोचणी जात नाही.

निघणाऱ्या प्रत्येकीला एवढे तरी सांगू या.

पासपोर्ट तिच्याजवळच राहावा. १९६७ च्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. नवऱ्याची नाही आणि मालकाचीही नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि विवाह नोंदणीचा दाखला यांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात.

व्हिसा कोणता, हे तिने स्वतः वाचावे. अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर बायकोला आपोआप नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहीजणींना वेगळा परवाना मिळू लागला, पण सगळ्यांना नाही. पदवीधर मुलगी पै-पैशासाठी हात पसरते ती यामुळे.

गेल्या गेल्या घराचा पत्ता पाठ करावा, स्वतःच्या नावाने खाते उघडावे आणि एका तरी शेजारणीशी ओळख करावी. संकटात अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, दुबईत पोलिसांसाठी ९९९ फिरवावा.

आखातात घरकामाला जाणारीने नोंदणी असलेल्या एजंटामार्फतच जावे. "आधी भेटीच्या व्हिसावर जा, कामाचे नंतर बघू" असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे. करार समजेल अशा भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

अडचण आलीच, तर भारतीय दूतावासाकडे २००९ साली सुरू झालेला कल्याण निधी असतो. परदेशी नांदणाऱ्या बायकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा कक्षही त्याच वर्षी सुरू झाला. आणि परदेशातही आपल्यासारख्याच बायका आधी पोचल्या आहेत. लंडनमध्ये १९७९ साली 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स', न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी', न्यूयॉर्कला १९८९ साली 'सखी' या संघटना त्यांनीच उभ्या केल्या.

"लग्नघरी असले अभद्र कशाला?" असे कोणी विचारील. एसटीची वेळ सांगणाऱ्या शेजारणीने काही अभद्र बोलले नव्हते. माहिती असलेली मुलगी संसार मोडत नाही. मोडायची वेळ आली, तर स्वतः मोडून पडत नाही.

तुमच्या गावातून यंदा कोण निघाली आहे? मंडळाच्या पुढच्या बैठकीला तिला आणि तिच्या आईला बोलवा. काय सांगितलेत, काय सांगायचे राहिले, ते आम्हालाही कळवा.