चमचाभर तेल म्हणजे पाव किलो ओवा!

मंडळी, थंडी पडली की आपल्या चोपड्याच्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेच मेसेज परत फिरायला लागतात. कपभर गरम पाण्यात निलगिरी तेलाचे चार-पाच थेंब टाकून प्या, कफ साफ. पोटात गॅस झाला तर ओव्याचं तेल. दात दुखतोय तर लवंग तेल, "गिळलं गेलं तरी चालतं, नैसर्गिक आहे". खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझं भांडण त्या "गिळलं गेलं तरी चालतं" शी आहे.

घरगुती औषधांना माझा विरोध नाही. ओवा चावा, तुळस-आल्याचा काढा घ्या, खुशाल घ्या. पण ओवा वेगळा आणि ओव्याचं तेल वेगळं. साधा हिशोब करा. किलोभर ओव्यातून तेल निघतं साधारण 20 ते 40 ग्रॅम. म्हणजे चहाच्या एका चमच्यात, 5 मिलीत, जवळपास सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम ओव्याचा जोर आहे. पाव किलो ओवा एका बैठकीत कोण खातं भो? तेल मात्र एका घोटात जातं. आणि बाटलीवर "शंभर टक्के शुद्ध" लिहिलेलं असलं तर जास्त घाबरायला पाहिजे, कमी नाही.

निलगिरीचं तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी गुंगी येते, फिट येऊ शकते, मूल बेशुद्ध पडू शकतं. ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर ते दुखणं वेगळंच. लवंग तेलाने लहान मुलांचं लिव्हर खराब झाल्याच्या नोंदी आहेत. कापूर तर देव्हाऱ्यातच असतो, त्यामुळे त्याची भीती कोणालाच वाटत नाही. पोटात गेलेल्या कापराने काही मिनिटांत झटके सुरू होऊ शकतात, आणि ग्रॅमभर कापरानेही लहान मूल दगावू शकतं. अमेरिकेने 1980च्या दशकातच कापूर तेल बाजारातून काढलं आणि अंगाला लावायच्या मलमातही 11 टक्क्यांवर कापूर नको असं ठरवलं. गुडघ्याला चोळायचं गंधपुरा तेल घ्या. त्याच्या एका चमच्यात सुमारे 7 ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतका ऐवज असतो, म्हणजे वीसेक गोळ्या.

मोठ्यांना काही होत नाही, हाही गैरसमजच. निलगिरी आणि कापराच्या तेलांमुळे मोठ्या माणसांना येणाऱ्या फिटवर बंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी अभ्यास केलाय. ज्यांना आधीपासून फिटचा त्रास आहे त्यांनी तर या तेलांपासून लांबच राहावं.

कोणी म्हणेल, आपले पूर्वज वापरत नव्हते का? वापरत होते ना. खान्देशात तर तेल काढायची परंपराच होती. रोशा गवताचं तेल सातपुड्याच्या पट्ट्यात भट्ट्या लावून काढलं जायचं, मुंबईमार्गे परदेशी जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. (भेसळीतही आपण पुढे!) पण आपल्याकडे ते तेल कशासाठी? सांधे धरले की चोळायला. पूर्वजांचं नाव घेऊन पाण्यात थेंब टाकून प्यायला सांगणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

लोक हे का करतात तेही मला कळतं. वैजापूरकडच्या पाड्यावरून रात्री लेकराला घेऊन चोपड्याला यायचं म्हणजे गाडी शोधण्यापासून सुरुवात. खासगीत गेलं तर फी, तपासण्या, औषधं. त्यापेक्षा पन्नास-शंभराची बाटली घरात ठेवलेली बरी वाटते. त्या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याला बाटली विकणाऱ्याला कोण विचारणार?

गावातल्या चार-पाच दुकानांत मी बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. "फक्त बाह्य वापरासाठी" ही सूचना बहुतेकांवर आहे, पण इंग्रजीत, आणि माझ्या चष्म्यालाही दिसणार नाही एवढ्या अक्षरात. पुढच्या बाजूला मात्र हिरवी पानं आणि हसणारं बाळ. ऑस्ट्रेलियात निलगिरी तेलाच्या बाटलीला लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण लागतं. आपल्याकडे साधं फिरकीचं.

कायद्याकडून फार आशा ठेवू नका. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी राज्याची मंजुरी घ्यावी, असा नियम 170 2018 मध्ये आला. जुलै 2024 मध्ये केंद्राने तो काढून टाकला. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या काढण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते प्रकरणच बंद केलं. तसंही व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड कुठल्या नियमात बसतो?

त्यामुळे माझी मागणी छोटी आहे. अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातल्या दुकानांमधल्या या बाटल्यांची एकदा तपासणी करावी आणि "पिऊ नका, मुलांपासून दूर ठेवा" हे मराठीत, मोठ्या अक्षरात छापायला लावावं. ते होईपर्यंत आपल्या मेडिकलवाल्या भावांनी बाटली देताना तोंडाने एवढं सांगावं, त्याला परवानगी लागत नाही. आशाताईंनी घरभेटीत देव्हाऱ्यातल्या कापराच्या डबीबद्दलही विचारावं.

आणि चुकून कोणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करायला लावू नका. मिठाचं पाणी नाही, घशात बोट नाही. फिट येऊन तीच उलटी फुप्फुसात जाऊ शकते. 108 ला फोन करा, उपजिल्हा रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या नंबरवर चोवीस तास सल्ला देतं, पैसे लागत नाहीत. जाताना बाटली सोबत घ्या, रिकामी असली तरी. नेमकं काय आणि किती गेलंय, हे डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.