कुलूप तोडणाऱ्यांची परिषद

भिलाईत एखाद्याला त्याच्या कामाबद्दल विचारले, की उत्तर बहुधा टनांत मिळते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून सेक्टरमधल्या क्वार्टरांत वाढलेल्या पिढ्यांना पोलाद, रूळ, शिफ्ट आणि बोनस हीच भाषा सरावाची. नोकरीनिमित्त इकडे येऊन स्थायिक झालेली मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत. अशा गावाच्या वेशीवर, कुटेलाभाटा इथे, आता आयआयटीचा परिसर उभा आहे. ही संस्था २०१६ साली रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झाली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी कुटेलाभाट्याच्या परिसराचे राष्ट्रार्पण झाले. तिथे काही मुले-मुली क्रिप्टोग्राफी, म्हणजे कूटशास्त्र, या विषयात पीएच.डी. करतात. शेजारच्या काकू विचारतात, ‘‘तुमची लेक तिथे नक्की बनवते काय?’’ आईला उत्तर सुचत नाही. लेक म्हणते, ‘‘सांग, सिद्धता बनवते.’’ आता हे काकूंना कसे सांगायचे?

खरी अडचण पुढेच आहे. चार वर्षे अभ्यास करून लेक एक दिवस हिरमुसून घरी येते. ‘पेपर परत आला.’ कुठून? तर एका परिषदेतून. वडिलांना वाटते, परिषद म्हणजे हार-तुरे, भाषणे, चहा-बिस्किटे आणि स्थळदर्शन. तिथे जाता आले नाही तर एवढे रडण्यासारखे काय आहे?

तर मंडळी, या विषयात परिषद हीच परीक्षा असते. डॉक्टर किंवा रसायनशास्त्रज्ञ आपला शोध नियतकालिकाकडे पाठवतात. संगणकशास्त्रातली मंडळी मात्र तो आधी परिषदेकडे पाठवतात. निबंधावरचे नाव-गाव काढून टाकायचे, म्हणजे तो मोठ्या विद्यापीठातून आला की भिलाईहून, हे परीक्षकाला कळू नये. मग तीन-चार तज्ज्ञ तो वाचतात, चुका काढतात, आपसांत भांडतात आणि बहुतेक निबंध परत पाठवतात. निवडलेल्यांना मिळतात वीसेक मिनिटे, व्यासपीठावर उभे राहून बोलण्यासाठी. नोकरी, शिष्यवृत्ती, पुढचे मार्गदर्शक, सारे त्या यादीवर ठरते.

अर्थात परीक्षकही चुकतात. शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी एक अजब कल्पना मांडली होती. मला गुपित माहीत आहे एवढेच समोरच्याला पटवायचे, पण गुपिताचा कणभरही सुगावा लागू द्यायचा नाही. हा निबंध मोठ्या परिषदांनी तीन वेळा नाकारला. १९८५ साली तो एकदाचा स्वीकारला गेला, आणि २०१२ सालचा ट्युरिंग पुरस्कार गोल्डवासर आणि मिकाली यांना मिळाला. हिरमुसलेल्या लेकीला हे जरूर सांगावे.

कूटशास्त्राचे पहिले धडे आपण सर्वांनी बालपणीच गिरवलेले असतात. ‘च’ची भाषा आठवा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे, त्याच्या जागी ‘च’ बसवायचा, म्हणजे ‘मला’चे ‘चलाम’ झाले. मोठ्यांना युक्ती कळेपर्यंत मजा, कळली की संपले. १८८३ साली कर्कहॉफ्स नावाच्या भाषापंडिताने नियमच घालून दिला, की कुलपाची बनावट शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज आपण फोनवरून दुधाचे पैसे देतो, तेव्हा वापरलेल्या कुलपाचा आराखडा जगजाहीर असतो. कोणीही वाचावा आणि खुशाल तोडायचा प्रयत्न करावा.

भिलाईच्या आयआयटीत धीमन साहा यांच्या प्रयोगशाळेत चालते ते हेच तोडण्याचे काम. २०२० सालच्या आफ्रिकाक्रिप्ट परिषदेत इथल्या मंडळींचा एसएचए-३ या जागतिक मानकावरचा निबंध होता. या पद्धतीत माहिती चोवीस वेळा घुसळली जाते. संशोधक फेऱ्या कमी करून पाहतात, की किती घुसळणीपर्यंत आतला ठेवा ओळखू येतो. रुळाच्या तुकड्यावर वरून वजन पाडून तो टिकतो का ते पाहतात, तसेच हे. भिलाईकराला ही उपमा समजावून सांगावी लागू नये.

दुसरी तऱ्हा सिद्धान्तवाल्यांची. ‘आम्हाला तोडता आले नाही’ एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. हे कुलूप जो कोणी उघडेल त्याला शतकानुशतके न सुटलेले अमुक गणितही सोडवता आलेच पाहिजे, असे ते सिद्ध करून मागतात. त्यांची खास परिषद म्हणजे ‘थिअरी ऑफ क्रिप्टोग्राफी’. ती २००४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झाली आणि ११ ते १४ नोव्हेंबर २०१८ या काळात आपल्या पणजीत भरली. भारतात ती तेव्हा प्रथमच आली. गोव्यात परिषद म्हटल्यावर चेष्टा व्हायचीच. पण तिथे चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नांचा मासला घरातल्या घरात दाखवता येईल.

समजा चार जावा आहेत. चौघींना मिळून घरात किती पैसे साठले ते पाहायचे आहे, पण आपला आकडा कोणीच सांगणार नाही. थोरली एक गुप्त संख्या मनात धरते, तीत आपला आकडा मिळवते आणि बेरजेची चिठ्ठी दुसरीच्या कानात सांगावे तशी हळूच देते. दुसरी आपला आकडा मिळवून तिसरीला, तिसरी चौथीला, चौथी परत थोरलीला. थोरली गुप्त संख्या वजा करते, एकूण बेरीज जाहीर होते आणि कोणाची पिशवी उघडी पडत नाही. झकास! पण थोरली आणि तिसरी यांनी संगनमत केले तर? दुसरीकडे काय गेले आणि तिच्याकडून काय निघाले, दोन्ही त्यांना ठाऊक. वजाबाकी केली की दुसरीचा आकडा हाती.

मग प्रश्न असा, की किती फितूर असले तरी गुपित टिकेल? १९८८ साली याचे उत्तर सिद्धतेसह आले. लोक नियम पाळून फक्त आपसांत कुजबुजणारे असतील, तर फितूर निम्म्याहून कमी असले की भागते. खोटे आकडे घुसवणारेही असतील, तर ते एक तृतीयांशाहून कमी हवेत. तेव्हा हा निव्वळ बुद्धीचा खेळ वाटला असेल. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कच्या सुमारे १२०० बीट-शेतकऱ्यांनी तो खरा केला. तिथे बीटापासून साखर करणारी कंपनी एकच, डॅनिस्को, आणि बीट पुरवण्याच्या हक्कांचा लिलाव व्हायचा होता. आपली बोली कंपनीला कळली, तर आपली नड कळेल आणि पुढचा भाव पडेल, ही शेतकऱ्यांची भीती. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको. तेव्हा प्रत्येक बोलीचे संगणकावर तुकडे करून ते कंपनी, शेतकरी संघटना आणि संशोधक अशा तिघांत वाटले. एका तुकड्यावरून काहीच कळत नाही. तिन्ही संगणकांनी मिळून भाव काढला, सुमारे २५ हजार टनांचे हक्क हस्तांतरित झाले आणि कोणाची बोली कोणालाही दिसली नाही. सिद्धतेपासून शेतापर्यंत वीस वर्षे लागली. पंचवार्षिक योजनांची सवय असलेल्या आपल्याला हे फार वाटू नये.

काही वेळा मात्र परिषदेतला शब्द त्याच दिवशी जगभर पोचतो. दरवर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे ‘क्रिप्टो’ परिषद भरते. १७ ऑगस्ट २००४ च्या संध्याकाळी तिथे चीनच्या वांग शियाओयुन या प्राध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या. ‘एमडी-५’ नावाची पद्धत तेव्हा सर्रास वापरात होती. कोणत्याही फाइलचा अंगठ्यासारखा ठसा काढायचा, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा बदलावा. वांगबाईंनी दोन निरनिराळ्या माहितीचा ठसा एकच येतो, हे सगळ्यांपुढे दाखवले. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांत डिजिटल सहीसाठी हेच एमडी-५ नावानिशी नेमलेले होते. पुढे ते काढले गेले. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम उघडून पाहा. मोबाइलमधला फोटो किंवा संगणकातली फाइल पुरावा म्हणून न्यायालयात द्यायची, तर सोबत एक प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याच्या नमुन्यात ठसा कोणत्या पद्धतीने काढला यावर खूण करायची असते, आणि त्या पर्यायांत एमडी-५ आहेच! दुसऱ्याच्या तयार फाइलची जुळी फाइल बनवणे अजूनही सोपे नाही, हे न्यायाने सांगायला हवे. मात्र दोन्ही फाइली ज्याने स्वतःच आधी बेतून ठेवल्या त्याला रान मोकळे आहे. माझ्या मते तो चौकोन नमुन्यात ठेवायलाच नको होता. कोणी वाचक वकील असतील, तर त्यांनी अशिलाला एसएचए-२५६ च्या चौकोनावर खूण करायला सांगावी. मोफत सल्ला आहे.

तेव्हा प्रश्न खर्चाचा उरतो. सांता बार्बराला जायचे तर नोंदणी, विमान, राहणे आणि त्याआधी व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईची वारी. निबंध स्वीकारला जाऊनही प्रवासाचे पैसे कुठून आणायचे, या विवंचनेत लहान गावातल्या विद्यार्थ्यांचे महिने जातात. म्हणून परिषद आपल्या देशात भरते तेव्हा फरक पडतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले बिमल रॉय यांच्या पुढाकाराने २००० साली ‘इंडोक्रिप्ट’ सुरू झाली. ती दर डिसेंबरात गाव बदलत फिरते. २०१३ मध्ये ती मुंबईत होती, २०२३ मध्ये गोव्यात. २००५ साली चेन्नईत भरलेली ‘आशियाक्रिप्ट’ पुन्हा भारतात यायला आठ वर्षे लागली, ती २०१३ मध्ये बंगळुरूत भरली आणि त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात आली. ज्यांचे निबंध आयुष्यभर छापील पाहिले ते लोक चहाच्या रांगेत पुढे उभे असतात, त्यांना मान वर करून प्रश्न विचारता येतो. विद्यार्थ्याला मिळणारी ही गोष्ट छापील पानातून मिळत नाही.

आणि दुर्ग-भिलाई तर मुंबई-हावडा लोहमार्गावरच. रात्रीच्या गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी हावडा. डब्यात पोळ्या-चटणी, वर एक शाल. कोलकात्याच्या डिसेंबरला तेवढी पुरते.