छतावर पॅनल, घरात अंधार

मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या पूर्णगडात अनेक घरांतले कमावते हात मुंबईत नाहीतर आखातात आहेत. घरी उरतात म्हातारे आई-बाप. दिवे गेले, मोबाईल बंद पडला की दोन्हीकडचे जीव टांगणीला लागतात. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड-दापोलीत खांब कोसळले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं.

आता ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. जरूर घ्या, बिल कमी होईल. पण एक गोष्ट विक्रेता बहुधा सांगत नाही: बॅटरी नसलेली ही यंत्रणा दिवे गेले की भर उन्हातही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. बिल वाचवणं आणि अंधारात घर चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसऱ्या कामाला फार मोठा खर्च लागत नाही, हिशोब लागतो. मी इंजिनियर असलो तरी हा हिशोब सातवीतल्या मुलालाही जमेल. 30 वॉटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास म्हणजे 600 वॉट-तास. 9 वॉटचे चार दिवे चार तास, 144. राउटर रात्रभर, 100. एकूण साधारण 850. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत 1280 वॉट-तास मावतात. तळाचे 20 टक्के राखून ठेवले आणि इन्व्हर्टरची घट वजा केली तरी रात्र निघते. फ्रीज, पंप मात्र यात धरू नका.

400 वॉटचं एक पॅनल स्वच्छ उन्हात ही बॅटरी दिवसभरात जवळपास भरून देतं. आषाढात तेवढं ऊन नसतं, म्हणून सरकारी विजेवरही चार्ज होणारा इन्व्हर्टर घ्या. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही. सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेला हवा, आणि तो पत्र्याला नव्हे, खालच्या वाशांना पक्का बांधलेला.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांचं काय? मशिदीच्या छतावर अशीच एक यंत्रणा बसवा. वादळात तिथे हिंदू-मुसलमान, सगळ्या शेजाऱ्यांचे मोबाईल चार्ज होऊ देत. जमातीच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच मांडा. हिशोबाचा कागद सोबत न्या.